सायकलीचं बारसं पावसाळा संपल्यावर करावं

नवी सायकल घरी आली की पहिल्या संध्याकाळीच तिचं नाव ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. दुकानातून बाहेर पडताना प्रत्येक सायकल चेतक असते, तुफान असते, वायुपुत्र असते. तेव्हा ती काहीच बोलत नाही, आणि जी बोलत नाही तिचा स्वभाव कळणार कसा? मुंबईत त्यासाठी एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर खारी हवा, सोसायटीच्या पार्किंगमधलं घोटाभर पाणी आणि पेव्हर ब्लॉकांच्या फटी एवढं सोसून ऑक्टोबरात जे समोर उभं राहतं, तो तिचा खरा स्वभाव. बारसं तेव्हा करावं. चेतक म्हणून मिरवलेल्या कितीतरी सायकली तोवर पेडर रोडच्या चढावर हाताने ढकलल्या जात असतात.

नाव रंगावरून ठेवू नये, आवाजावरून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. रंग पाहून सायकलीला काय होतंय ते कळत नाही, आवाजावरून कळतं. पायडल मारायचं थांबवून सायकल नुसती घरंगळू द्यावी. आवाज बंद झाला तर दोष पायडल, क्रँक (पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) किंवा चेनचा. चालूच राहिला तर चाकाचा: रिमला घासणारा ब्रेक, सैल तार, टायरला लागणारं मडगार्ड. सीटवरून उठून उभ्याने पायडल मारल्यावर आवाज गेला तर दुखणं सीटचं किंवा तिच्या दांड्याचं आहे, उगाच बिचाऱ्या चेनला तेल पाजू नये. पायडलच्या एका फेरीला बरोबर एक ‘टक’ येत असेल तर कॉटर पिन (क्रँकला धरणारी पाचर), बीबी (क्रँकच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग) किंवा खुद्द पायडल. आणि अडीचेक फेऱ्यांनी एकदा ‘कट’ होत असेल, तर चेनची एक कडी आखडली आहे. साध्या सायकलच्या चेनमध्ये ११२ कड्या आणि पुढच्या चक्राला ४४ दात असतात, भागाकार घरी करावा. ती कडी शोधून बोटांनी आडवी, डावी-उजवीकडे मोडल्यासारखी करावी. सुटते.

आता काळी, २८ इंची, दांड्याची सायकल. तिचं नाव अप्पा. दुसरं शोभतच नाही. पाववाले, दूधवाले, डबेवाले ज्या घराण्यावर विसंबून असतात तेच हे घराणं. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता तेव्हापासूनची या घराण्याची मुंबईशी ओळख, आणि तिथल्या रस्त्याच्या नावात ती अजून शिल्लक आहे. अप्पांचं वजन वीस किलोच्या आसपास. पुढे ४४, मागे १८ दात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि अप्पा साधारण साडेपाच मीटर पुढे जातात. गिअर नाहीत. घाई करायची नाही, कोणी केली तर तिकडे बघायचं नाही.

अप्पांचा हट्ट म्हणजे ब्रेक. हे ब्रेक तारेचे नसून सळयांचे, आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतात. गुळगुळीत क्रोमच्या रिमवर पाणी असलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्या रबर नुसतं पाणी पुसत बसतं, धरत काही नाही. म्हणून पावसात दादरला थांबायचं असेल तर परळलाच ब्रेक हलके लावून ठेवावेत. रिम पुसली गेली की मग अप्पा ऐकतात.

गुडघ्याचं दुखणं म्हणजे कॉटर पिन. क्रँक अ‍ॅक्सलला धरून ठेवणारी ही पाचर झिजली की प्रत्येक फेरीत पाय किंचित निसटल्यासारखा वाटतो. यावर घरोघरी होणारा उपाय म्हणजे नट आवळणे, आणि तोच चुकीचा. नटाचं काम पिन ओढून घेण्याचं नाही, बसलेली पिन जागेवर राखण्याचं आहे. जोर लावला की आटे जातात. क्रँकखाली लाकडाचा किंवा पाइपचा भक्कम टेका द्यायचा, पिन हातोडीने ठोकून बसवायची, मग नट आवळायचा, आणि एक-दोन दिवस चालवून पुन्हा एकदा ठोकायची. टेका न देता ठोकलं तर घाव आतल्या छर्‍यांवर बसतो आणि गुडघ्याबरोबर कंबरही जाते.

छर्‍यांचा विषय निघालाच आहे तर: अप्पांच्या मागच्या चाकात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पाव इंची, पुढच्या चाकात दहा-दहा, ३/१६ इंची. एखादा फुटला म्हणून तेवढा एकच नवा घालू नये. झिजलेल्यांमध्ये तो एकटा मोठा ठरतो आणि सगळा भार त्याच्याच डोक्यावर येतो. बदलायचे तर सगळे, ताज्या ग्रीसमध्ये. कोन (छऱ्यांना बाहेरून दाबून धरणारा शंकूसारखा नट) इतकाच आवळायचा की चाक हलणार नाही आणि अडणारही नाही.

रात्रीतून अप्पांची हवा जाते ती बहुतेक वेळा पंक्चरने नाही, व्हॉल्व्हच्या रबरी नळीने. मुंबईच्या उकाड्यात ती चिकट होऊन फाटते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावावी (हो, तेच शास्त्र आहे), बुडबुडा आला तर नळी बदलावी. मिनिटाचं काम. नळीचा तुकडा खिशात ठेवणाऱ्या माणसाकडे मी आदराने पाहतो.

दुसरा पैलवान. २६ इंची जाड टायर, पुढे शॉक, मागे शॉक, अंगावर स्टिकर. छाती बघून वाटतं हा कान्हेरीचा चढ एका दमात घेईल. प्रत्यक्षात पायडलवर दिलेला जोर मागची स्प्रिंग अर्ध्यातच गिळते आणि पैलवान जागच्या जागी बैठका मारतो. त्याला किंचाळायचीही सवय. त्यावर औषध आहे: ब्रेकचं रबर सैल करून त्याच्या मागच्या टोकाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, ब्रेक दाबून धरायचा, रबर आवळायचं, कार्ड काढून घ्यायचं. आता रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकतं आणि किंकाळी थांबते. पैलवानाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बारीक टायरची, आठ-नऊ गिअरची हायब्रीड म्हणजे मास्तरीणबाई. यांना पाव फेरीचीसुद्धा चूक खपत नाही. मोठ्या चक्रावर चढायला चेन कुरकुर करत असेल तर मागच्या डिरेलरजवळची (डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) गोल घुंडी पाव फेरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी. केबल ताणली जाते आणि बाई शांत होतात. लहान चक्रावर उतरताना अडत असेल तर पाव फेरी सुलट. अर्धी फिरवलीत तर पुढचे चार दिवस बोलणी. तरीही जमेना तर डिरेलर ज्या छोट्या कानावर टांगलेला असतो तो वाकला आहे का पाहावं. मुंबईत तो हमखास वाकतो, कारण सोसायटीत स्कूटर काढणाऱ्या प्रत्येकाला सायकल ही सरकवण्याची वस्तू वाटते. बाईंना नेहमी चेनची बाजू भिंतीकडे करून उभं करावं.

चेन मात्र पट्टीने मोजावी. पिनच्या मध्यापासून पुढे चोविसाव्या पिनचा मध्य नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येतो. १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदला. १/८ इंच गेला तर चेनबरोबर दातेही खाल्ले गेले, आता सगळं कुटुंबच बदलावं लागतं. तेल प्रत्येक कडीला एक थेंब, अर्ध्या तासाने वरचं पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर राहिलं की रस्त्याची सगळी वाळू गोळा करतं. खोबरेल डोक्याला लावावं, चेनला नाही.

घडीची सायकल म्हणजे बंड्या. लहान चाकं, मोठा आव, लिफ्टमध्ये मावतो. घडीच्या बिजागरीचा लीव्हर दर आठवड्याला तपासावा, बाकी त्याचे लाड फार होतात.

वारसाहक्काचा प्रश्न राहिला. चाक, सीट, हँडल, चेन सगळं बदललं तरी नाव टिकतं. फ्रेम बदलली की नाव संपतं, नवं बारसं. याला कारण भावनिक नाही. चोरीची तक्रार लिहिताना ठाण्यात ‘अप्पा’ चालत नाही, फ्रेम नंबर लागतो. तो बहुतेक सायकलींवर बीबीच्या खाली, पोटाशी ठोकलेला असतो, काहींवर सीटच्या नळीवर. सायकल उलटी करा, डिझेलच्या फडक्याने चिखल पुसा आणि फोनच्या फ्लॅशऐवजी बाजूने टॉर्च मारून फोटो काढा, आकडे तेव्हाच उठून दिसतात. ३ आणि ८ मध्ये शंका आली तर बिलावरचा नंबर पडताळून बघा. बिल सापडत नसेल तर, अप्पांच्या बाबतीत, ते कधी नव्हतंच.