हळद लागलेलं पॅम्फलेट

डिसेंबरात आमचा गिझर गेला. म्हणजे नेमका त्या आठवड्यात जेव्हा निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर असतो आणि सकाळी नळाखाली हात धरवत नाही. आणि रविवारी पेपरातून एक गुळगुळीत पॅम्फलेट पडलं, जुना गिझर आणा, 15 लिटरचा नवा फक्त 3,999 ला घेऊन जा, फिटिंग फ्री. म्हणलं चला, देव पावला.

जुना गिझर स्कूटरवर पायात धरून नाशिकच्या सिडकोतून निघालो, दुकानाचं शटर वर जाऊन दहा मिनिटं पण झाली नव्हती, आणि पोरगा म्हणतो "सर, तो पीस संपला." अरे कधी संपला, आत्ता तर उघडलं तुम्ही! तर म्हणे काल संध्याकाळीच संपला, आणि खरं सांगू का सर त्यात दम नाही, दोन वर्षांत टाकी गळते, हा घ्या. हा म्हणजे 7,200 वाला. आता जुना गिझर परत पायात घेऊन घरी जायचं आणि आईला सांगायचं की उद्या पण बंबच पेटव, ते काही होईना. घेतला. संध्याकाळी फिटिंगवाला आला, फिटिंग फ्रीच आहे साहेब, पण पाइप, व्हॉल्व्ह आणि स्क्रूचे 850. दिले. (मी असाच आहे, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतो आणि इथे गप बसतो.)

दुसऱ्या दिवशी फोन केला तर काउंटरवरचा शांतपणे म्हणाला, "फिटिंगचं सगळं सामान फ्री असं कुठे लिहिलंय, दाखवा." आणि दाखवायला माझ्याकडे काय, तर बिल. बिलावर ते जे खरं आहे तेच लिहितात हो, थाप असते ती पॅम्फलेटवर, आणि तेच आपण सोमवारी रद्दीत टाकतो!

नशीब असं की बायकोने ते ट्रॉलीत मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलं होतं. गुळगुळीत कागद ना, पुसता येतो. काढलं तर कोपऱ्यात हळदीचा गोल ठसा, आणि 3,999 च्या डोक्यावर मुंगीएवढा स्टार. तो स्टार खाली कुठे उतरतो हे मोबाइलचा कॅमेरा झूम करून शोधावं लागलं. वर सगळं ठसठशीत मराठीत आणि खाली एक ओळ इंग्रजीत, की स्टॉक मर्यादित, सामानाचा खर्च वेगळा. माझी आई मराठी पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण ती ओळ तिच्यासाठी छापलेलीच नव्हती.

मग जरा खोदलं तेव्हा कळलं की हे चालतच नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची 2022 ची नियमावली आहे, त्यात सरळ आहे की दावा ज्या भाषेत, अट पण त्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये, ठळक दिसेल अशी. आणि स्वस्त माल दाखवून गिऱ्हाईक आत ओढायचं, पण त्या भावाला तो विकायची तयारीच ठेवायची नाही, याला पण त्यात आमिषाची जाहिरात म्हणून वेगळा नियम आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि परत केलं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरातीत नाचणाऱ्या सेलिब्रिटीला पण वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते, पुन्हा केलं तर तीन वर्षं.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला, मराठीत बोलता येतं. हळदीसकट पॅम्फलेटचा फोटो, बिल आणि फिटिंगवाल्याच्या पावतीचा फोटो पाठवला, तक्रार नंबर मिळाला. दोन आठवड्यांनी दुकानातून फोन, "सर गैरसमज झाला", आणि 850 परत. गिझरच्या किमतीतला फरक नाही मिळाला, ते म्हणे तुम्ही स्वतः पसंत करून घेतला. हेल्पलाइनवाले दुकानाशी बोलतात, निकाल देत नाहीत. निकाल पाहिजे तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाइन होते आणि दोन वर्षांच्या आत करायची. मी नाही गेलो. कंटाळा. त्यावर मला शिव्या घालायच्या असतील तर घाला.

पण तेव्हापासून सवय लागली, पैसे देण्याआधी जाहिरातीचा फोटो काढायचा, तारखेसकट, आणि ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट, कारण ऑफरचं पान दुसऱ्या दिवशी बदललेलं असतं. आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न, हे जे छापलंय ते दाखवा. नाही म्हणाले तर बाहेर. गिझर पायात घेऊन का होईना.

आता सगळीकडे प्लॉटच्या जाहिराती सुरू आहेत. कुंभमेळ्याआधी बुक करा, समृद्धी महामार्ग इतक्या मिनिटांवर. मिनिटं कोणत्या गाडीने मोजली ते विचारू नका. पण रेरात, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रोजेक्टसाठीच्या कायद्यात, येणारा प्रोजेक्ट असेल तर जाहिरातीवर महारेराचा नोंदणी नंबर लागतोच आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड पण, तो स्कॅन केला की प्रोजेक्ट खरंच नोंदलाय का आणि ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय ते दोन मिनिटांत दिसतं. मित्राला पाठवलेल्या ब्रोशरवर द्राक्षाचे मळे होते, स्विमिंग पूल होता, क्यूआर नव्हता. विचारलं तर एजंट म्हणे "प्रोसेसमध्ये आहे." अहो मग जाहिरात पण प्रोसेसमध्येच ठेवा ना!

आणि ते मधुमेह मुळापासून बरा करणारे व्हिडिओ, जे आमच्या काकांना रोज सकाळी फॉरवर्ड होऊन येतात. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. काकांना हे सांगितलं तर म्हणे, "कायदा जुना आहे, हे औषध नवीन आहे." काय बोलणार.

असो. गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या पेपरात फ्रीज एक्स्चेंजचं पॅम्फलेट आलं होतं, पिवळं, मोठ्या स्टारवालं. आमच्या पेपरात आलं नाही, शेजाऱ्यांकडचं रद्दीत गेलं. कोणाकडे डब्याखाली शिल्लक असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, खालची ओळ वाचता येईल असा.