शाळेनं पोरापर्यंत जायचं असतं

"पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही, मग आपण काय करणार" हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मला थेट आदिवासी पोरांच्या बालशिक्षणात आयुष्य घालवणाऱ्या अनुताई वाघच आठवतात. नाव आपल्या सगळ्यांना माहितीये. अनुताई, कोसबाद, अंगणवाडी, पद्मश्री, एवढं पाठ असतं आणि तिथंच आपण थांबतो. पण या बाईनं जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं रोज नेमकं काय केलं ते नीट बघितलं ना, तर समता समता म्हणून आपण शिक्षक ट्रेनिंगमध्ये जे ऐकतो त्याचा खरा अर्थ तिथं लागतो, निदान मला तरी तिथंच लागला.

१९१० चा जन्म, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं हे कुणाला वेगळं सांगायला नको, पण घरच्यांनी शिकवलं, त्या शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. म्हणजे आयुष्य मार्गी लागलं होतं. तरी पस्तिशीत ते सगळं सोडून त्या १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणातच काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढलेला, साधनं हाताळत मुलानं स्वतः शिकायचं ती माँटेसरी पद्धत त्यांना तळहातासारखी माहीत. पण हे शिक्षण आत्तापर्यंत शहरातल्या, परवडणाऱ्या घरांतल्या मुलांनाच मिळालंय हे त्यांना खुपत होतं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या खेड्यात आल्या. आणि हे पण लक्षात घ्या की त्याच १९४५ मध्ये त्याच पट्ट्यात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथं काम करत होते. ज्या माणसाला सावकाराच्या शेतावर फुकट राबावं लागतं त्याच्या पोराला शाळेत आणायचं, असा तो मामला होता.

आता खरी गोष्ट. बालवाडी काढली तर आदिवासी पाड्यांवरची पोरं काही तिकडं येईनात. इथं आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? रिपोर्टमध्ये 'पालकांमध्ये उदासीनता' लिहून मोकळे झालो असतो. त्यांनी उलटं केलं, बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, झोपडीपुढच्या अंगणात, अंगणवाडी ती हीच. पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, मोजणं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं परवडणार नाहीत ना, मग बिया, पानं, शिंपले, खडे घ्या, मोजायला आणि लावायला ते पुरतं. पोरांना त्याची ओळख आधीपासूनच असते, हा त्यातला खरा फायदा.

मग मोठी पोरं. ती गुरं राखायला जातात, शाळेच्या वेळेला ती कुरणावर असतात. बरं, मग शिक्षक कुरणावर. कुरणशाळा यालाच म्हणायचे, गुरं चरतायत आणि तिथंच शिकणं चाललंय. आणि मुली? मुली येत नव्हत्या कारण कडेवर भावंडं, आईबाप कामावर. म्हणून पुढं बोर्डीजवळच्या कोसबादला विकासवाडी उभी राहिली, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे बाळ पाळण्यात ठेवून ताईनं वर्गात बसायचं. मला स्वतःला या सगळ्यात विकासवाडी सगळ्यात मोठी वाटते. मुलींच्या शिक्षणावर पोस्टर लावून, रॅली काढून जे होत नाही ते एका पाळणाघरानं होतं, कारण कुणीतरी त्या पोरीला आधी विचारलं की बाई गं, तुझी अडचण नेमकी काय आहे.

आणि म्हणूनच "मी वर्गात भेदभाव करत नाही, सगळ्यांना सारखंच शिकवतो" हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. मनापासून म्हणतात लोक, मान्य आहे. पण जी मुलं आधीच मागं उभी आहेत त्यांना सारखंच दिलं तर ती मागंच राहतात. आपल्याच वर्गात एक आठवडा बघा, प्रश्न कुणाला विचारले जातात, उत्तरासाठी आपण कुणापुढं थांबतो आणि कुणापुढं दोन सेकंदात "बस खाली" म्हणतो, झाडलोट कुणाला सांगतो, पाहुण्यांपुढं भाषण कुणाला देतो. घरी वारली, भिली, गोंडी, कोरकू बोलणारं मूल पुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसलं की त्याला 'स्लो' म्हणून टाकतो. अहो, ते स्लो नाहीये, त्याला पहिल्याच दिवशी परक्या भाषेत परीक्षेला बसवलंय. हे बदलायला जीआर लागत नाही, निधी लागत नाही, आणि हे शिकवण्याच्या पद्धतीचंच काम आहे, समाजसेवा नव्हे.

पण सगळं शिक्षकाच्या गळ्यात मारून पण चालणार नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. म्हणजे अनुताईंनी जे अंगणात केलं तेच कायद्यानं कबूल केलं की शाळा पोराच्या जवळ हवी. आणि २०२३ मध्ये आपल्याकडं चर्चा कसली, तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, लायब्ररी, खेळायला सोबती मिळतील, हा मुद्दा खोटा नाहीये, एकशिक्षकी शाळेत काय ओढाताण होते ते आम्हाला माहितीये. पण सहा वर्षांचं पोर, पावसाळ्यात ओढा भरलेला, लांबच्या समूह शाळेत नेणारी गाडी बंद पडलेली, मग? सगळ्यात आधी शाळा सुटते ती त्याच पोरीची जिच्यासाठी विकासवाडी काढली होती. २०२४ मध्ये खासगी शाळांत वंचित आणि गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के प्रवेशाच्या नियमात बदल करून कितीतरी शाळांना सूट दिली होती, तो बदल हायकोर्टानं रद्द केला म्हणून बरं.

अजून एक गोष्ट मला फार लागते. अंगणवाडी ही कल्पना १९७५ पासून आयसीडीएस म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजनेत देशभर गेली. १९८५ ला अनुताईंना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या, कोसबाद शेवटपर्यंत सोडलं नाही. आणि आज तेच काम पाड्यापाड्यावर करणाऱ्या ताईंना पगार नाही, मानधन मिळतं. पोरांचं वजन घ्या, आहार द्या, लसीकरणाला बोलवा, मोबाईलवर माहिती भरा आणि वर शिकवा पण, आणि कागदावर तुम्ही मानसेवी. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितला तेव्हा कुठं मान्य झाला. २०२३ च्या डिसेंबरात आपल्या राज्यातल्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या तेव्हा "पोरांचे हाल होतायत" म्हणणारे खूप भेटले, पण त्यांच्या मागण्या वाचलेले फार थोडे.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, तीन ते आठ वयाला पायाभूत टप्पा म्हटलंय, म्हणजे अंगणवाडीची वर्षंही त्यातच आली. मग त्या वर्षांची शिक्षिका शिक्षिका म्हणूनच नेमा, पगारावर, ट्रेनिंग देऊन, पेन्शनसकट. आणि आपण शाळेतले शिक्षक आहोत ना, आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात ही मागणी पहिल्या पानावर यायला पाहिजे, कारण पहिलीत आपल्या हातात येणारं मूल आधी त्यांच्या हाताखालून आलेलं असतं.