अ-गणित

पैसे मोजता येत नाहीत, हे मला वयाच्या 46 व्या वर्षी माझ्या मुलीने सांगितलं. ती सहावीत आहे. समोर इंग्रजीची वही उघडी होती, पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने होते: डावीकडे मोजता येणारी नामं, उजवीकडे न येणारी. मी सहज डोकावलो, तर 'मनी' हा शब्द उजवीकडे पाणी, हवा आणि वाळूच्या पंगतीला जाऊन बसलेला.

"हे चुकलंय," मी म्हणालो. "पैसे मोजतात. मी महिन्याच्या 25 तारखेपासून दुसरं काही करतच नाही."

"बाबा, नोटा मोजतात. नाणी मोजतात. मनी नाही मोजत. वन मनी, टू मनी असं म्हणतो का आपण?"

म्हणत नाही, हे खरंच होतं. मी 'असं होय' म्हणून काढता पाय घेतला. पण बँकेतलं पैसे मोजायचं यंत्र ज्याने बनवलं, त्या बिचाऱ्याला हे कुणी कळवलंय की नाही, ही चिंता रात्री बराच वेळ सतावत होती.

आमच्या वेळी हा सगळा धडा एका ओळीत आटपायचा. मोजता येईल तिथे 'मेनी', येणार नाही तिथे 'मच'. बाईंनी ती ओळ फळ्यावर लिहिली, आम्ही वहीत उतरवली आणि दोन्ही पक्ष सुटले. त्या नियमाबद्दल माझी आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजता काय येतं आणि काय येत नाही, हे परस्पर ठरवून मोकळ्या झालेल्या लोकांबद्दल. खुर्ची मोजता येते, टेबल मोजता येतं, कपाट मोजता येतं. तिन्ही एका खोलीत ठेवली की त्यांचं 'फर्निचर' होतं आणि त्या क्षणापासून मोजणी बंद. प्रवासात मी दर अर्ध्या तासाने बॅगा मोजतो. त्यांचं 'लगेज' झालं की तेही करता येत नाही. 'सजेशन' मोजता येतं, 'अ‍ॅडव्हाइस' येत नाही. 'जॉब' मोजता येतो, 'वर्क' येत नाही. हे शेवटचं ज्याने ठरवलं तो आमच्याच ऑफिसात कामाला असणार. 'न्यूज'ला तर शेपटीसारखा चांगला 'ज' लोंबतोय, तरी ती एकवचनी. शेक्सपिअरच्या काळात हीच 'न्यूज' अनेकवचनातही खपून जायची. तेव्हा जन्मलो असतो तर माझी निदान एक चूक वाचली असती.

ओटो येस्पर्सन नावाचे डेन्मार्कचे मोठे भाषापंडित होऊन गेले. त्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला या न मोजता येणाऱ्या मंडळींना 'मास-वर्ड' म्हटलं. आपण शाळेत पदार्थवाचक नाम शिकलो, त्याच कुळातलं हे प्रकरण. पाणी, वाळू, लोखंड, इथपर्यंत मला मान्य आहे. पण फर्निचर हा पदार्थ कसा? अंधारात करंगळीला ठेच लागते ती एका विशिष्ट, मोजता येणाऱ्या टेबलाच्या पायाचीच लागते. पदार्थाची ठेच लागलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बरं, हे नियम दगडावर कोरलेले आहेत म्हणावं, तर तसंही नाही. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीज' म्हणत. ते एकवचन होतं, ढिगाचं नाव होतं, आपल्या डाळीसारखं. लोकांना वाटलं, शेवटी 'ज' ऐकू येतोय म्हणजे हे अनेकवचन असणार. मग एका दाण्याला काय म्हणायचं? तर 'ज' कापून टाकला आणि 17 व्या शतकात 'पी' हा नवाकोरा शब्द तयार झाला. एका अख्ख्या देशाने न मोजता येणारा वाटाणा मोजायला घेतला आणि त्याला कुणी काही बोललं नाही. मी मेलमध्ये एकदा 'फर्निचर्स' लिहिलं, तर संगणकाने त्याखाली अशी लाल नागमोडी ओळ मारली की शाळेतल्या बाईच पडद्यामागे बसल्यात असं वाटलं.

फ्रेंच लोक 'इन्फॉर्मेशन'चं खुशाल अनेकवचन करतात. तेव्हा दोष माहितीचा नाही, इंग्रजीचा आहे, असा शोध लावून मी तो जेवताना घरात जाहीर केला. बायको म्हणाली, "मग मराठीत कर की माहितीचं अनेकवचन." मी तोंड उघडलं आणि 'माहित्या' हा शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेला. बातमीच्या बातम्या होतात, सल्ल्याचे सल्ले होतात, पण माहिती आपली एकटीच. पुढे जास्तच खोलात गेलो. तांदूळ निवडले, पण भात शिजला. गहू संपले, पण ज्वारी संपली. गव्हाचे दाणे मोजून कुणी संपवले होते? आणि साहेबाच्या देशात गहू एकवचनी, तर ओट्स अनेकवचनी! म्हणजे धान्य दिसलं की माणसाचं व्याकरण बिघडतं, हा जागतिक रोग दिसतो. फक्त आपला तो आपल्याला आईच्या दुधातून मिळतो म्हणून दुखत नाही.

तरी मराठीत एक 'किती' सगळीकडे चालतो. किती पाणी, किती माणसं, किती वाजले, किती छळशील. शिवाय आपल्याकडे 'भर' आहे. चिमूटभर, घोटभर, मूठभर, ढीगभर, तसूभर. मूठभर वाळूही असते आणि मूठभर माणसंही. वस्तू मोजता येते की नाही याची 'भर'ला काडीभर फिकीर नसते.

पण माझा खरा घात 'मच'ने केला नाही आणि 'मेनी'नेही नाही. तो एका 'अ'ने केला.

मराठीत शब्दाच्या आधी 'अ' लागला की काम संपलं. शक्य होतं ते अशक्य, शुभ होतं ते अशुभ, ज्ञान होतं त्याचं अज्ञान. हे संस्कार घेऊन माणूस इंग्रजीत जातो आणि तिथे सगळं उलटं निघतं. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, नकाराचा सूर. त्याला 'अ' लावून 'अ फ्यू' केलं की, आहेत बाबा थोडे. 'लिटल' म्हणजे नसल्यातच जमा; 'अ लिटल' म्हणजे थोडंफार आहे. एवढासा 'अ', पण रिकाम्या घरात माणसं राहायला आणतो. हे मला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

माझ्या हाताखाली तीन वर्षं काम केलेला एक मुलगा गेल्या वर्षी दुसरीकडे अर्ज करत होता. लाजत लाजत टेबलाशी आला. "सर, इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं होईल." मुलगा गुणी. मला मनापासून लिहायचं होतं, पण भरमसाट स्तुती खोटी वाटते, तेव्हा जरा हात राखून, भारदस्तपणे लिहावं असं ठरवलं. आधी मराठीत मनाशी जुळवलं: याला हिशेबाच्या कामाचा थोडाफार अनुभव आहे, याच्याकडे चार चांगल्या कल्पना आहेत, आणि तीन वर्षांत याने अगदी थोड्या चुका केल्या. मग ते इंग्रजीत उतरवलं. 'ही हॅज लिटल एक्स्पीरियन्स इन अकाउंट्स अँड फ्यू गुड आयडियाज. इन थ्री इयर्स ही हॅज मेड क्वाइट अ फ्यू मिस्टेक्स.' खाली झोकदार सही केली. मुलाने वाचलं, त्याला भरून आलं. इंग्रजी दोघांचं एकाच तोलाचं.

त्याला ती नोकरी मिळाली नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे तिकडून साधं उत्तरही आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या लोकांच्या नावाने बोटं मोडली. गुणांची कदर नाही, वशिल्याचे दिवस आहेत, वगैरे.

'मनी'चा प्रसंग झाल्यावर मुलीचा इंग्रजीतला अधिकार घरात मान्य झाला होता. एका रविवारी मी कागद आवरत असताना त्या पत्राची प्रत तिच्या हाती लागली. तिने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, या दादाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

तिने समजावून सांगितलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. मी सही करून जगाला कळवलं होतं की या मुलाला हिशेबाचा अनुभव नसल्यातच जमा आहे आणि चांगल्या कल्पनांचा त्याच्याकडे दुष्काळ आहे.

"पण शेवटचं वाक्य तर बरोबर आहे ना?" मी काडीचा आधार शोधत होतो. "त्यात 'अ' आहे."

"तिथेच नको होता! क्वाइट अ फ्यू म्हणजे बऱ्याच."

"अगं, क्वाइट म्हणजे अगदी. फ्यू म्हणजे थोड्या. अगदी थोड्या."

"नाही बाबा. क्वाइट अ फ्यू म्हणजे खूपच."

अगदी थोडं म्हणजे खूप! हे वाक्य मी नंतर कित्येकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, अजून पचलेलं नाही. जिथे 'अ' हवा होता तिथे दोन्ही वेळा मी तो खाल्ला आणि जिथे नको होता तिथे अगत्याने वाढला. तो मुलगा अजून माझ्याच हाताखाली आहे. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पगारवाढीसाठी त्याची शिफारस मात्र साहेबांकडे जाऊन मराठीत, तोंडी केली, आणि दार लावून घेऊन केली.

तेव्हापासून मी सावध झालो. सावध माणसाला जास्त खड्डे दिसतात. 'कमी' या साध्या शब्दासाठी तिकडे 'लेस' आणि 'फ्युअर' अशी दोन दुकानं आहेत: न मोजता येणाऱ्याला 'लेस', मोजता येणाऱ्याला 'फ्युअर'. मला वाटलं होतं हा नियम पहिल्यापासूनचा असेल. कसला पहिल्यापासूनचा! 9 व्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळापासून इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही 'लेस' लावत आले. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने लिहिलं की 'शंभराहून कमी नाहीत' असं सांगताना मला 'लेस'पेक्षा 'फ्युअर' अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं. मला वाटतं, एवढंच तो म्हणाला. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. 'लेस' 1770 मधल्या एका माणसाला आवडलं नाही आणि रेघा माझ्या मेलवर पडतात.

आणि या कायद्यालाही पळवाट आहेच. मिनिटं मोजता येतात ना? घड्याळ त्याचसाठी असतं. तरी 'पाच मिनिटांहून कमी' म्हणताना 'लेस'च वापरायचं, कारण म्हणे पाच मिनिटं हे पाच नग नव्हेत, तो सलग वेळ आहे. अंतराचं तेच, रकमेचं तेच. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दुकानसाखळीत झटपट बिलाच्या रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. व्याकरणवाले त्यावर खवळायचे. शेवटी 2008 मध्ये दुकानाने 'अप टू टेन आयटम्स' अशी पाटी आणली. 'लेस'ही नाही, 'फ्युअर'ही नाही. हे वाचलं आणि मला गहिवरून आलं, कारण गेली 20 वर्षं मी नोकरी याच तत्त्वावर केली आहे. अडचणीच्या शब्दाच्या गल्लीतून जायचंच नाही.

माझा लांबचा रस्ता म्हणजे 'अ लॉट ऑफ'. तो पाण्याला चालतो, माणसांना चालतो, चुकांना तर फारच शोभतो. माझ्या मेलमध्ये अ लॉट ऑफ वर्क असतं, अ लॉट ऑफ प्रॉब्लेम्स असतात आणि शेवटी अ लॉट ऑफ थँक्स असतात. मध्यंतरी अंगात बळ आलं म्हणून नियमाला धरून 'आय हॅव मच वर्क' लिहिलं. म्हटलं, वर्क मोजता येत नाही, म्हणून मच. यात कोण चूक काढतो बघू. मुलीने काढली. चूक नाही, पण विचित्र वाटतं म्हणे. 'मच' मुख्यतः प्रश्नात आणि नकारात शोभतो. होकारात 'अ लॉट ऑफ'. म्हणजे 20 वर्षं मी अडाणीपणाने जे करत होतो तेच बरोबर होतं, आणि शिकून जे केलं ते विचित्र. यावर मी दोन दिवस मेल लिहिले नाहीत. कामं अडली नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

परवा तिला 'माय फादर' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. वर्णनात अर्थातच माझं डोकं आलं. इंग्रजीत डोक्यावरचे केस 'हेअर', मोजता न येणारे. पण एकेक सुटा दिसायला लागला की त्याचं 'हेअर्स' होतं आणि ते मोजता येतात. माझी वाटचाल उजव्या रकान्यातून डावीकडे चालली आहे, हे मी जाणतो. ती बराच वेळ पेन्सिल चावत माझ्याकडे बघत होती. मग तिने लिहिलं, 'ही हॅज अ लिटल हेअर.'

'अ'सकट! त्या पत्राची आठवण ठेवून, बापाची लाज राखायला तिने तो 'अ' मुद्दाम घातला होता. मला फार बरं वाटलं.

काल वही तपासून आली. दहापैकी नऊ. बाईंनी एकाच ठिकाणी लाल शाई वापरली होती. 'लिटल'च्या आधीचा 'अ' खोडलेला होता.

गेल्या पालकसभेला मी पहिल्या रांगेत बसलो होतो.