‘फोर बाय फोर लावूच नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात आता वाडीवाडीपर्यंत डांबर पोचलंय, त्यामुळे जुन्या पिकअपचा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी जोडणी) महिन्यातून एकदा लावा हा सल्ला म्हणजे फुकटचा खर्च, जितका कमी लावाल तितका तो टिकतो, आणि गंजाचा एवढा बाऊ नको, खालून एकदा काळं कोटिंग मारलं की झालं.

डांबराचं अर्धं मान्य. घर ते बाजार एवढीच फेरी असेल तर फोर बाय फोर घेऊच नका. पण वळवाच्या सरीनंतर आंब्याच्या पेट्या भरून सड्यावरच्या बागेतून उतरायचं असेल, तर तांबड्या चिखलात मागची दोन चाकं पुरत नाहीत.

‘न वापरल्याने टिकतो’ हे मात्र साफ चूक. बहुतेक अशा गाड्यांत टू-एचला (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) पुढचा डिफरन्शियल (चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) आणि शाफ्ट फिरत नाहीत. ऑइल तळाशी बसतं, वरचे दात आणि बेअरिंग कोरडे पडतात, आणि आपल्या दमट हवेत गंज धरतात. पुढची चाकं जोडणारे हब व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारे असतील तर त्यांच्या नळ्या चिरतात, नाहीतर उंदीर कुरतडतात. म्हणून महिन्यातून एकदा दोन-तीन किलोमीटर फोर-एच, म्हणजे चारही चाकं जोडून. तेही कच्च्या रस्त्यावरच. या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला डिफरन्शियल नसतो आणि वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. सुक्या डांबरावर टायर घसरू शकत नाही, मग तो सगळा ताण शाफ्टवर आणि ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो. फोर बाय फोरचा लिव्हर अडकला तर जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो.

जुनी गाडी घेताना डॅशबोर्डवरच्या फोर बाय फोरच्या दिव्यावर भिस्त ठेवू नका. काही गाड्यांत फक्त ट्रान्सफर केस जोडली गेली तरी दिवा लागतो. मोकळ्या मातीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, आधी टू-एचला, मग फोर-एचला. फोर-एचला स्टिअरिंग जड व्हायला हवं, गाडी अडल्यासारखी चालायला हवी. काहीच फरक नाही? मग पुढची चाकं जोडलीच जात नाहीयेत, आणि किंमत त्या हिशेबाने बोला.

वहाळातून गाडी काढत असाल तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा जायची-यायची वाट) चिखलाने बुजलेला नाही ना ते बघा. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात गार झाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की बदला. आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवा, मगच खालचा. वरचा गंजून बसलेला असेल तर रिकामा डिफरन्शियल घेऊन बसाल. डिफरन्शियलला बहुधा ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं. ट्रान्सफर केसला मात्र काही मॉडेलांत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, पुस्तिका बघूनच भरा.

आता कोटिंग. गंजावर मारलेलं कोटिंग गंज झाकतं, थांबवत नाही. खारट ओल त्याच्याखाली अडकते आणि पत्रा आतून खात जाते. तांबडी माती चॅसीच्या पोकळ भागात साचून पाणी जायची भोकं बुजवते. हर्णै, मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर मासळी वाहिलेली गाडी तर आणखी वाईट, कारण बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चॅसीच्या आडव्या पट्ट्यांवर आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलवर, म्हणजे त्या टांगणाऱ्या कडीवर, ठिबकत राहतं. पाऊस सरला की भोकं तारेने मोकळी करा, आत पाइप घालून गोडं पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत सोडा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, झिंक प्रायमर, त्यावर रंग. पोकळ भागात कोटिंग नाही, पातळ मेणाचा स्प्रे. रबरी बुश, ब्रेक आणि सायलेन्सरपासून सगळंच लांब ठेवा.

विकायला आलेल्या जुन्या गाडीचं पोट नुकतंच काळंभोर केलेलं दिसलं, तर पाट्यांच्या हँगरजवळ (पाट्या चॅसीला जिथे टांगलेल्या असतात तिथे) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं किंवा मालक टोचू देत नसेल, तर दुसरी गाडी बघा.