‘विमानात बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्सच ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात बारावीच्या मुलांसाठी मी एव्हिऑनिक्सच्या पदवीबद्दल लिहिलं होतं. त्या लेखाखाली डिचोलीच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. नाव दिलेलं नाही, पण अनेक वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्याचं लिहिलं आहे, म्हणून मी त्यांना सर म्हणते. प्रतिक्रिया अशी:

“मुली, तुझा लेख वाचला. तू कोवळ्या पोरांना विमानाची स्वप्नं विकते आहेस. एव्हिऑनिक्स म्हणजे शेवटी विमानात बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्सच ना? त्यात वेगळं शिकण्यासारखं काय आहे? साधी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली तर सगळे दरवाजे उघडे राहतात. फी किती, गोव्यात नोकऱ्या किती, यावर तू चकार शब्द काढलेला नाहीस. आणि 1553 बसवर 32 टर्मिनल जोडता येतात हे चूक आहे.”

सर, शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 1553 बस म्हणजे विमानातली यंत्रं ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती सामाईक तार, आणि टर्मिनल म्हणजे तिला जोडलेलं यंत्र. प्रत्येक टर्मिनलचा पत्ता पाच बिटांचा असतो, त्यामुळे पत्ते 32 होतात, पण 31 क्रमांकाचा पत्ता सगळ्यांना एकदम निरोप द्यायला राखून ठेवलेला असतो. म्हणजे टर्मिनल 31च. माझ्याकडून घाईत चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘मुली’ आणि ‘तू’. मी बेचाळीस वर्षांची आहे. त्यातली सतरा वर्षं विमानातल्या यंत्रणा तपासण्यात गेली. कोकणीत बोलताना आपण घरातल्या मोठ्या माणसांनाही ‘तूं’ म्हणतो. त्यात माया असते आणि ती मला कळते. तुम्ही कोकणीत लिहिलं असतंत तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण तुम्ही मराठीत लिहिलंत, शुद्ध मराठीत, आणि मराठीत अनोळखी बाईला चारचौघांत एकेरीवर घेतलं की त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. मुद्दा पटला नाही तर जरूर खोडा. ‘स्वप्नं विकते’ हा मात्र माझ्या हेतूवरचा आरोप आहे. हा ब्लॉग मी रात्री जेवणं आटोपल्यावर लिहिते. त्यातून मला एक रुपया मिळत नाही. मी काय विकते, ते तरी सांगा.

तुमच्या त्या एका वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते. ‘विमानात बसवलेलं इलेक्ट्रॉनिक्सच ना?’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलेलं नाही. बावीस वर्षांची असताना मी स्वतः ते म्हणत होते. माझी पदवी साध्या इलेक्ट्रॉनिक्सची, इथेच गोव्यात घेतलेली. गुण चांगले होते. बंगळुरात नोकरी लागली आणि पहिलं काम मिळालं ते उंची दाखवणाऱ्या पडद्याचं. विमानात ही माहिती एरिंक 429 नावाच्या पद्धतीने येते. 32 बिटांचा एक शब्द, पहिल्या आठ बिटांत त्याची ओळख, मध्ये आकडा. दाब-उंचीची ओळख 203, अष्टमान पद्धतीत. मी ओळख वाचली, आकडा काढला, पडद्यावर टाकला. टेबलावर सगळं झकास चाललं.

तपासणीला एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कोड बघितलाच नाही. एवढंच विचारलं, “सेन्सरने ‘मी बिघडलोय’ असं सांगितलं तर तुझ्या पडद्यावर काय दिसेल?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी त्या 32 बिटांतल्या 30 आणि 31 या दोन बिटांवर पेन्सिल टेकवली. आकडा खरा आहे, की चाचणीचा आहे, की मोजताच आलेला नाही, की यंत्रच बिघडलं आहे, हे ते दोन बिट सांगतात. मी ते वाचलेच नव्हते. सेन्सर मेला असता तरी माझा पडदा शांतपणे शेवटचा आकडा दाखवत राहिला असता, आणि ढगात शिरलेला वैमानिक त्यावर विश्वास ठेवून खाली येत राहिला असता. आकडा पुसून तिथे बिघाडाची खूण दाखवायची, हा नियम मला त्या दिवशी समजला. (हो, त्या बाईंनीही मला ‘तू’ म्हटलं होतं. पण त्या समोर बसून शिकवत होत्या.)

आता तुम्ही म्हणाल, बघ, साध्या पदवीवर नोकरी लागलीच ना, नोकरीत शिकलीसच ना. शिकले. पण चार वर्षांत एकाही परीक्षेत मला ‘हे बिघडलं तर काय’ असं कुणी विचारलं नव्हतं. सर्किट चालतं की नाही, एवढाच प्रश्न असायचा. एव्हिऑनिक्सच्या अभ्यासक्रमात बिघाडाचा प्रश्न मुळातच असतो. एखादी यंत्रणा बिघडल्याने विमान पडू शकतं की प्रवाशाला फक्त गैरसोय होते, हे आधी ठरवावं लागतं आणि त्यावरून तिच्या सॉफ्टवेअरची पातळी ए ते ई अशी ठरते, ए सगळ्यांत कडक. ए पातळीला कोडची प्रत्येक ओळ कोणत्या गरजेसाठी लिहिली, हे कागदावर दाखवावं लागतं. हे अठराव्या-विसाव्या वर्षी अंगवळणी पडणं आणि पंचविसाव्या वर्षी ओरडा खाऊन शिकणं यात फरक आहे. मी दुसऱ्या वाटेने गेले, म्हणून पोरांना पहिली सांगते आहे.

हा माझ्या मनाचा खेळ वाटत असेल तर बोइंग 737 मॅक्स विमानाचं उदाहरण घ्या. 29 ऑक्टोबर 2018 आणि 10 मार्च 2019, दोन विमानं पडली, 346 माणसं गेली. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारे सेन्सर विमानाच्या दोन्ही बाजूंना होते. तरी नाक खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा एका वेळी त्यातल्या एकाच सेन्सरवर विसंबून होती. त्याने चुकीचा कोन सांगितला आणि यंत्रणा नाक दाबत राहिली. साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या नजरेने पाहिलं तर तिने मिळालेल्या आकड्यावर जे करायचं तेच केलं. तो आकडाच खोटा असेल तर काय, हा प्रश्न एव्हिऑनिक्सचा.

आणखी एक गोष्ट, कारण ती गोव्यातल्या माणसाला लगेच कळेल. समुद्रकाठच्या एका तळावरून विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा एक डबा आमच्याकडे तीनदा परत आला होता. उड्डाणात बंद पडतो, टेबलावर चालतो. दोनदा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवला गेला. तिसऱ्यांदा मी कनेक्टर भिंगाखाली धरला. सदतीस पिनांपैकी एकीच्या मुळाशी हिरवा ठिपका होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. पिनेवरचा सोन्याचा मुलामा तिथे घासला गेला होता आणि आतलं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलं होतं. पावसाळ्यात आपल्या घरातल्या टॉर्चची स्प्रिंग पडते तशीच. टेबलावर कोरडं आणि स्थिर, म्हणून जोड लागायचा. विमानात थरथर आणि दमट हवा, म्हणून तुटायचा. सर्किटच्या आकृतीत ना थरथर असते ना मीठ.

आणि वीज? आपल्या घरात 50 हर्ट्झ. मोठ्या विमानात सहसा 115 व्होल्ट, 400 हर्ट्झ. वारंवारिता वाढवली की ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड कमी लागतं आणि वजन उतरतं. हे तुम्ही फळ्यावर पाच मिनिटांत सांगाल, मला खात्री आहे. पण वजनाचा हा हिशेब डोक्यात ठेवून रोज काम करणं हे वेगळं शिक्षण आहे.

दरवाजे बंद होण्याबद्दल एकच सांगते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत, म्हणजे अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत, जी पदवी मिळते तिचं नावच इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, कंसात एव्हिऑनिक्स. कोणता दरवाजा बंद झाला? हे माझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

फी आणि नोकऱ्यांचे आकडे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. पण ‘गोव्यात’ या शब्दात जी हेटाळणी आहे ती मला लागली. नौदलाच्या तेजस या लढाऊ विमानाने टोकाला वर चढत जाणाऱ्या धावपट्टीवरून पहिली झेप घेतली ती दाबोळीच्या हंसा तळावर, 20 डिसेंबर 2014 ला, कमोडोर जयदीप मावळणकर चालवत असताना. तेजस मुद्दामच अस्थिर बनवलं आहे. उड्डाण-नियंत्रणाचे चार समांतर मार्ग त्याला क्षणोक्षणी सावरत असतात, म्हणून ते हवेत राहतं. हे आपल्या अंगणात झालं, सर. माझे वडील जन्मभर वास्कोत राहिले. त्यांना विमानाच्या नुसत्या आवाजावरून ते कोणतं हे सांगता यायचं. आम्हाला हे सगळं परकं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली पेडण्याच्या एका बारावीतल्या मुलीने लिहिलं होतं, “मग मी फॉर्म भरू नको का?” अर्ध्या तासाने तिने ते पुसलं. तुमच्या वाक्यापेक्षा मला ते पुसणं जास्त झोंबलं, आणि हे एवढं लांबलचक उत्तर खरं तर तिच्यासाठी आहे.

बाळ, फॉर्म भर. आयआयएसटीचा प्रवेश जेईई ॲडव्हान्सच्या गुणांवर होतो, पण त्यांच्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, ती तारीख चुकवू नकोस. पुस्तकापेक्षा हातात हत्यार घेऊन विमानाशेजारी उभं राहायला आवडत असेल तर पदवीऐवजी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, बी-2 परवान्याची वाट धर. तो विमानांची देखभाल करणाऱ्यांचा परवाना, तोही एव्हिऑनिक्सचाच. ते दोन्ही एक नव्हेत, ठरवण्याआधी नीट समजून घे. काही अडलं तर इथेच लिही आणि पुसू नकोस. मी रोज रात्री दहानंतर उत्तरं देते.