५५ सेकंदांचा गुरू

आमच्या बेळगावच्या वडगावात रात्री आठ वाजता कुणी वीस-बावीस किलोचं धूड जिन्यावरून गच्चीत चढवायला लागला, की शेजारी आधी विचारतात, "टाकी फुटली काय?" टाकी नव्हे, दुर्बीण आहे असं सांगितलं, की लगेच दुसरा प्रश्न येतो: "मग आम्हाला दाखवणार की न्हाई?" माझ्या छंदाचं जे काही वाटोळं झालं ते या दुसऱ्या प्रश्नानं.

दुर्बीण आठ इंची, डॉब्सोनियन. खाली लाकडी खोका, त्यात तोफेसारखी ठेवलेली नळी. मोटर नाही, बटण नाही, हातानं ढकलायची. हा प्रकार रूढ केला जॉन डॉब्सन नावाच्या गृहस्थानं. १९४४ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला आणि दुर्बिणी बनवायच्या नादापायी १९६७ साली त्याला मठातून बाहेर पडावं लागलं. तेवीस वर्षं मन आवरायचा अभ्यास केलेल्या माणसाला हे यंत्र झेपणारच. मी बँकेत कारकून आहे.

अडचण पृथ्वीची आहे. ती फिरते. चार मिनिटांत एक अंश, न चुकता. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १२० पट मोठं करून बघायला गेलात की फिरण्याचा वेगही १२० पट होऊन अंगावर येतो. २०२४ च्या डिसेंबरात गुरू रोहिणीजवळ होता, चांगला तेजस्वी. मी तो भिंगाच्या मधोमध आणून ठेवला की कडेपर्यंत सरकायला त्याला साधारण ५५ सेकंद लागायचे. हा आकडा वहीत मांडून काढला, आणि मग आमच्या आज्जीचा हिशोब मांडला. खुर्चीपाशी येणं, २० सेकंद. "जपून की रे" म्हणत बसणं, १५. पदर सावरणं, १०. चष्मा ठेवायचा की काढायचा यावर चर्चा, २५. एकूण ७०. म्हणजे आज्जीचा डोळा भिंगाला लागायच्या आत गुरू पंधरा सेकंदांपूर्वीच निघून गेलेला.

"काय दिसंना की रे."

मी धावतो, डोळा लावतो, गुरू हुडकून परत मधोमध आणतो. "आता बघ." तोवर आज्जीनं चष्मा परत घातलेला.

कमी ताकदीचं भिंग लावून पाहिलं. त्यात गुरू चांगला साडेचार मिनिटं राहतो, पण दिसतो ज्वारीच्या दाण्याएवढा. गल्लीतल्या पोरांनी तो बघितला आणि सभ्यपणे विचारलं, "ह्याच्यासाठी एवढी मोठी नळी?" परत मोठं भिंग लावलं.

शिवाय या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. गुरू उजवीकडे पळताना दिसला की हात आपोआप नळी उजवीकडे ढकलतो, आणि गुरू दुप्पट वेगानं पसार होतो. ढकलायची असते डावीकडे. हे मला पाठ आहे, हाताला नाही. त्यातून खोका अडखळतो. हळू ढकललं तर हलत नाही, जरा जोर केला की भसकन सरकतो. आईनं आपण होऊन खोबरेल तेलाची बाटली आणून दिली होती. मी लावलं नाही. (खरं म्हणजे एका कोपऱ्यात लावून बघितलं. सांगण्यासारखं नाही.)

मध्यरात्रीची कथा वेगळीच. रोहिणी बेळगावच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, आणि गुरूही त्या दिवसांत तिथंच आसपास. नळी सरळ उभी झाली की बाजूला ढकलायला धरच मिळत नाही. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून जातं फिरतं. तोच मधोमध ठोकून दळायला बसा, म्हणजे माझी अवस्था कळेल. पुण्याचा एक मित्र म्हणाला, ध्रुवाला रोखून बसवायचा स्टँड घे, एकच चक्री फिरवत राहायचं. पण बेळगावात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर. आमच्या गच्चीवरून त्या जागी शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी आहे. टाकीला रोखून स्टँड बसवण्यात अर्थ नव्हता.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे माग. खालच्या घरात अण्णांचे दोन यंत्रमाग रात्री दहापर्यंत चालतात. खटक-खटक-खटक भिंतीतून स्लॅबमध्ये, स्लॅबमधून खोक्यात, खोक्यातून गुरूत. गुरूचे चार चंद्र १६१० साली गॅलिलिओला दिसले तेव्हा ते ठिपके असावेत. मला ते धोट्यासारखे इकडून तिकडे मारताना दिसत.

एका रात्री नऊच्या सुमाराला लाईट गेली. माग गप्प. खांबावरचा दिवा गेला, आणि अख्खी गल्ली आपली आपण गच्चीत चढली. अण्णाही आले, खांद्यावर टॉवेल, दंडावर सुताचा कोंडा. त्यांनी डोळा लावला. "एनू काणवल्दरी," म्हणाले. अर्थात, काही दिसत नाही. मी नळी धरायला पुढं झालो तेवढ्यात त्यांनी भिंगातला डोळा न काढताच दोन बोटं नळीवर टेकवली. ढकलली नाही, नुसती टेकवली. मला वाटलं दमले असतील. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. अण्णा काही बोलेनात.

"गेला काय?"

"इल्ला. इथंच आहे."

डोळा काढून त्यांनी मला खूण केली. बघतो तर गुरू मधोमध, पट्ट्यांसकट, एका बाजूला तीन चंद्र आणि एका बाजूला एक. सरकत नव्हता! अण्णांची बोटं तशीच नळीवर होती आणि केसभर केसभर सरकत होती, तीही उलट्या बाजूला, न शिकवता. आयुष्यभर हाताखालून सूत जाताना ते तुटायच्या आधी ज्यांच्या बोटांना कळतं, त्यांना पृथ्वीचं फिरणं काय अवघड? मी मात्र तीन महिने यूट्यूब बघत होतो.

मग माझ्याकडे खुर्ची हलवायचं काम आलं. उंच माणूस आला की बाजूला, बुटका आला की पुढं. बॅटरी मारू नका म्हणून ओरडायचंही माझ्याकडेच. अण्णा बोटं टेकवून उभे, आणि अर्धी गल्ली ओळीनं गुरू बघून गेली. एकालाही "काय दिसंना" म्हणायची वेळ आली नाही.

शेवटी आज्जी. वीस सेकंद, पंधरा सेकंद, पदर, चष्मा. सगळं यथासांग. मग वाकून डोळा लावला आणि जी बसली ती बसलीच. मागं पोरं कुजबुजायला लागली. खाली कुणाचा तरी दूध उतू गेल्याचा आरडाओरडा झाला. अण्णांना हात बदलावा लागला, तेवढ्यापुरती नळी थरथरली.

"आज्जी, झालं का? बाकीचे थांबूलालेत."

"थांबू देत की," आज्जी डोळा न काढता म्हणाली, "आत्ता कुठं हा थांबलाय."