‘मम्मी’ म्हणजे प्रेत नव्हे

‘आई’ या शब्दाची थोरवी सांगणारा तो मजकूर गेल्या दोन-तीन वर्षांत मला निदान दहा वेळा आला असेल आणि दर वेळी मी तो पुसून टाकला, कारण गुलाबाच्या चित्राखाली छापलेल्या मजकुराशी वाद घालण्यात हशील नाही, असे माझे मत होते. यंदा मात्र तो माझ्याच आईने माझ्या सातवीतल्या भाचीला पाठवला. भाचीने त्याचे भाषण बसवले, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात ते शाळेत म्हटले आणि पहिल्या क्रमांकाचा स्टीलचा डबा घेऊन ती घरी आली. डबा टेबलावर ठेवून तिने सांगितले की भाषण झाल्यापासून तिच्या बाकावरची मैत्रीण तिच्याशी बोलत नाही. ही मैत्रीण आपल्या आईला ‘मम्मी’ म्हणते आणि आईला मम्मी म्हणणारे जिवंत आईला प्रेत म्हणतात, असे भाचीने व्यासपीठावरून, हात पुढे करून सांगितले होते.

ज्यांच्यापर्यंत हा मजकूर अजून पोहोचला नसेल, त्यांच्यासाठी त्यातली विधाने थोडक्यात देतो. ‘आई’ हा शब्द आत्म्याचा ‘आ’ आणि ईश्वराचा ‘ई’ मिळून झाला. जपानी भाषेत ‘आइ’ म्हणजे प्रेम. हा शब्द बौद्ध भिक्षूंनी महाराष्ट्रातून तिकडे नेला. तुर्की भाषेत ‘आय’ म्हणजे चंद्र, तोही आईच्या शीतलतेवरूनच. जगात फक्त मराठी माणूसच आईला आई म्हणतो. आणि इंग्रजीतली ‘मम्मी’ म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडमधले मसाला भरलेले प्रेत, म्हणून मुलांना हा शब्द शिकवू नका. शेवटी अर्थातच हे पुढे पाठवण्याची आज्ञा आहे.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण भाचीच्या मैत्रिणीचा अबोला त्याच्यामुळे आला. इंग्रजीत सारखे दिसणारे हे दोन शब्द आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. प्रेतासाठी वापरला जाणारा शब्द फारसीतून निघाला. फारसीत ‘मूम’ म्हणजे मेण. हिंदीतल्या मोमबत्तीतला ‘मोम’ तो हाच. त्यावरून अरबीत ‘मूमिया’ हा शब्द झाला आणि त्याचा अर्थ होता डोंगराच्या कपारीतून पाझरणारे काळे, डांबरासारखे द्रव्य, जे हकीम मोडलेल्या हाडावर आणि जखमेवर देत असत. आपल्याकडे शिलाजिताची जी ख्याती आहे, तशीच तिकडे या द्रव्याची होती. इजिप्तमधली जतन केलेली शवे राळेच्या लेपाने काळी पडलेली असत. तो लेप म्हणजे मूमियाच, अशी समजूत झाली आणि लेपाचे नाव शवाला चिकटले. युरोपातले औषधविक्रेते तर कित्येक शतके या शवांची पूड औषध म्हणून विकत होते आणि इंग्रजीत हा शब्द प्रथम आला तो त्या औषधासाठीच. शव हा अर्थ त्याला पुढे मिळाला. वडोदऱ्याच्या संग्रहालयात सयाजीराव गायकवाडांच्या काळात आणलेली एक ममी आहे. तिच्या पेटीसमोर सहलीची मुले उभी राहतात तेव्हा त्यांच्यासमोर असते ते मेणाच्या फारसी नावाचे एक दूरचे वंशज, आणि आई या अर्थाची मम्मी त्या वंशावळीत कुठेही नाही.

आईसाठी वापरली जाणारी ‘मम्मी’ आली आहे ‘मम’, ‘मामा’, ‘मॅमी’ या बाळबोलीतल्या शब्दांतून आणि याबाबतीत इंग्रजी भाषेने जगावेगळे काही केलेले नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोब्सन यांचा आईबापांच्या नावांविषयीचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा आधार मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून जमवलेल्या १,०७२ शब्दांचा होता. आईसाठीच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांमध्ये म, न यांसारखे अनुनासिक ध्वनी होते, वडिलांसाठीच्या शब्दांत मात्र ते १५ टक्केच होते. याकोब्सन यांनी याचे कारण असे दिले की अंगावर पिणाऱ्या बाळाचे तोंड भरलेले असते, तेव्हा नाकातून निघणारा हुंकार एवढाच आवाज त्याला करता येतो. पुढे दूध नुसते दिसले तरी ते तोच आवाज काढते, मग भूक लागल्यावर काढते आणि अखेर जी दूध देते तिचेच ते नाव होते. लॅटिनमध्ये ‘माम्मा’ म्हणजे आईही आणि स्तनही. आपली माय, माता, माउली, दक्षिणेतली अम्मा आणि इंग्रजीतली मम्मी या सगळ्या याच हुंकारात भेटतात. अपवादही आहेत, आणि ते गमतीचे आहेत: जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. हे सगळे भाचीला सांगत असताना ती मला दर वाक्यामागे ‘पण मामा’ म्हणून अडवत होती आणि त्या ‘मामा’त तिला एकदाही प्रेत दिसले नाही.

मुलांनी आईला आई म्हणावे की मम्मी, याविषयी ज्याचे त्याचे मत असू शकते. माझ्या घरी आईच म्हणतात आणि मला तेच आवडते. परंतु आपल्या आवडीसाठी दुसऱ्याच्या आईला प्रेत ठरवणे हे भाषाप्रेम नव्हे, तो दांडगेपणा आहे. आणि तो सातवीच्या मुलीच्या तोंडून वदवून त्याला बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनी कोणताही शब्दकोश उघडून पाहिला असता तर बरे झाले असते.

आता आत्मा आणि ईश्वर. शब्दाची अक्षरे सुटी करून प्रत्येकाला एकेक थोर अर्थ जोडायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे, हे मी नाइलाजाने मान्य करतो. बृहदारण्यक उपनिषदात ‘हृदय’ या शब्दाची तीन अक्षरे वेगळी काढून त्यांचे अर्थ सांगितले आहेत आणि ‘गु’ म्हणजे अंधार व ‘रु’ म्हणजे त्याचा निरोध करणारा, ही गुरूची फोड तर कीर्तनाला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. पण ती चिंतनाची रीत आहे. शब्द ऐतिहासिकदृष्ट्या कोठून आला, हे सांगण्याचा तिचा दावा नसतो, आणि आमच्या मजकुराचा दावा नेमका तोच आहे की कुणीतरी दोन संस्कृत शब्दांची आद्याक्षरे जुळवून ‘आई’ तयार केली, जणू ती एखाद्या सहकारी बँकेचे संक्षिप्त नाव आहे.

शिवाय ‘आई’ हे या शब्दाचे एकच रूप नाही. गावोगावी ‘आय’ म्हणतात, हाक मारताना ‘आये’ म्हणतात, जिजाबाईंना आपण जिजाऊ म्हणतो ते ‘आऊ’मुळे. ‘आऊ’ म्हणताना ईश्वर कुठे गेला आणि त्याच्या जागी ‘ऊ’चा कोण आला, याचे उत्तर मजकूर देत नाही. ताई, माई, दाई यांच्यातही तीच ‘ई’ आहे. तिथेही ईश्वर मानायचा तर घाई आणि महागाईलाही देवत्व द्यावे लागेल. संस्कृतातून शब्द मराठीत येतात ते शतकानुशतके जिभेवर झिजत येतात: ‘आर्यक’ म्हणजे आजोबा हा शब्द प्राकृतातून घासत घासत ‘आजा’ झाला, आजीही त्याच घरातली. ‘आई’चे नाते मात्र एका बाजूला बाळबोलीशी आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या द्राविडी भाषांशी दिसते. तमिळमध्ये ‘आय्’ आणि ‘आयि’ यांचा अर्थ आईच आहे आणि भाषाशास्त्रज्ञ बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ‘आय्’ची रीतसर नोंद आहे.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते, कारण उच्चाराच्या सारखेपणावर भाळणारे लगेच ‘आया’लाही आईच्या पंक्तीला बसवतील. मुलांना सांभाळणारी आया पोर्तुगीजांच्या ‘आइया’वरून आपल्याकडे आली आणि त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘आविया’त, म्हणजे आजीत आहे. ती जहाजाने आली; आई त्याआधीपासून घरात होती.

जपानी ‘आइ’ खरोखर आहे आणि त्याचा अर्थ खरोखर प्रेम आहे. एवढे सोडले तर त्या विधानात खरे काही नाही. तो शब्द जपानने चीनकडून लिपीसकट घेतला. तीच चिनी अक्षरखूण कँटनच्या बोलीत ‘ओइ’, कोरियनमध्ये ‘ए’, व्हिएतनामीत ‘आय्’ आणि आजच्या प्रमाण चिनीत ‘आय’ अशी वाचली जाते. एकाच जुन्या चिनी शब्दाची ही चार घरांतली चार रूपे आहेत आणि त्यांत मराठीला कुठेही शिरता येत नाही. जपानमध्ये आठव्या शतकात कवितांचे मोठे संग्रह सिद्ध होत होते. मराठीचे सर्वांत जुने म्हणून दाखवले जाणारे श्रवणबेळगोळ आणि अक्षी येथील शिलालेख दहाव्या-अकराव्या शतकांच्या आसपासचे, म्हणजे त्यानंतरचे आहेत. आणि भिक्षूंनी आईच नेली असती तर जपानी मुलांनी तो शब्द आईसाठी वापरला असता. ती आईला ‘हाहा’ किंवा ‘ओकासान’ म्हणतात.

भिक्षूंचे नाव घेतलेच आहे, तर मजकूर लिहिणाऱ्याला न पेलणारी गोष्टही सांगून टाकतो. बौद्ध धर्मात दुःखाच्या कारणांची जी बारा कड्यांची साखळी सांगितली आहे, तिच्यातल्या ‘तृष्णा’ या कडीचे चिनी भाषांतर नेमके याच शब्दाने केले गेले. म्हणजे ज्या भिक्षूंनी हा शब्द जपानी मठांत शिकवला, त्यांच्या दृष्टीने ‘आइ’ ही माणसाला जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकवणारी, सोडून द्यायची आसक्ती होती. वात्सल्याचे गोडवे गाण्यासाठी यापेक्षा गैरसोयीचा साक्षीदार सापडला नसता.

भारताचा जपानी भाषेवर खरा ठसा आहे, पण तो दुसरीकडे. ‘दान्ना’ हा मालकासाठी किंवा नवऱ्यासाठी वापरला जाणारा जपानी शब्द ‘दान’ या संस्कृत शब्दावरून आला आणि जपानी अक्षरमाला आज ज्या क्रमाने म्हणतात, तो आ-इ-उ-ए-ओ हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसवला गेला. त्या अर्थी जपानी मूल अक्षरे गिरवताना पहिल्यांदा ‘आ, इ’ म्हणते आणि त्यामागे भारत आहे. अर्धे सत्य इतक्या जवळ पडलेले असताना मजकूर लिहिणाऱ्याने उचलले ते खोटे, याचे मला वाईट वाटते.

तुर्की चंद्रावर फार शाई खर्चण्याची गरज नाही. ‘आय’ हा चंद्र आणि महिना या दोन्ही अर्थांचा जुना तुर्की शब्द आहे, तुर्कीत आईला ‘आन्ने’ म्हणतात आणि त्याच भाषेत ‘आयी’च्या जवळचा उच्चार असलेला एक शब्द आहे, त्याचा अर्थ अस्वल. उच्चारसाम्यावरून नाती जोडायची असतील तर अस्वलही पदरात घ्यावे लागेल. पोर्तुगीज भाषेत ‘आय’ हा कळ आल्यावर तोंडातून निघणारा उद्गार आहे आणि ब्राझीलमधल्या तुपी भाषेतून आलेल्या ‘आई’ या नावाचा, झाडाला उलटा लटकणारा एक अतिशय मंद प्राणी आहे. त्याचा उल्लेख मजकुरात नाही, तो का नाही हे उघड आहे.

राहता राहिले ‘फक्त मराठी माणूसच’ हे विधान. असमिया भाषेत आईला ‘आइ’च म्हणतात. गुजरातेत चारण समाजाच्या देवींना ‘आई’ म्हणतात, जसे आपण तुळजापुरात ‘आई राजा उदो उदो’ म्हणतो. ओडियात ‘आई’ म्हणजे आईची आई. त्यासाठी इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही, कारण ज्या माझ्या आईने हा मजकूर पाठवला तिचे माहेर बेळगावजवळचे आहे आणि तिच्या आईला आम्ही सगळी नातवंडे ‘आयी’ म्हणत असू. शेजारच्या कानडी घरातली मुलेही त्यांच्या आजीला हीच हाक मारत. संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी उभे राहून कुणी ‘आयी’ म्हणून हाक दिली की दोन्ही दारांतून दोन म्हाताऱ्या ‘काय रे’ आणि ‘येनो’ म्हणत एकदमच बाहेर यायच्या.